द्वाड पोर कोणाचें?

(एका खेड्यांतील पालकसभेंत पहिलीच्या वर्गाच्या शिक्षिकेनें केलेलें भाषण)

मागें भिंतीशीं अंग चोरून बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

तुम्ही पुढें येऊन बसा, असें मीं दोनदां म्हटलें. कोणी हाललें नाहीं. लहानपणीं मागें बसावयाचें जें वळण लागलें तें इतक्यांत सुटत नाहीं. आज मी त्या वळणाविषयींच बोलणार आहें. मला नव्या खोल्यांबद्दल बोलावयास सांगितलें होतें. पण खोल्यांचें सरपंचांनीं सांगितलें आहे, आणि त्यांत बसावयाचें कोणीं व कसें, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

जून महिन्यांत पहिलीचा वर्ग भरतो. पहिल्या आठवड्यांतच एखादा बाप पोराचें बखोट धरून दारांत उभा राहतो आणि म्हणतो, "बाई, ह्यो लई द्वाड हाय. एका जाग्याला बूड टेकत न्हाई. हाणा, बडवा, पन ह्याला मानसांत आना." या बापाच्या मनांत माया नाहीं असें नाहीं. आपण मार खाल्ला, तेव्हां पोरानेंही खाल्ला पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. मी त्याला विचारतें, "दादा, तुम्ही कितवीपर्यंत शिकलां?" तो म्हणतो, "दुसरीतनं सोडली." "कां सोडली?" "मास्तर लई मारायचा." आतां या हिशेबाचें काय करावें, तें तुम्हीच सांगा!

द्वाड म्हणतों तें पोर असतें तरी कसें? सहा वर्षांच्या मुलाची सकाळ पाहा. शाळेंत येण्यापूर्वीं त्यानें शेळी बांधावर नेऊन बांधलेली असते. धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन अंगणवाडींत पोंचविलेलें असतें. हापशाच्या दांड्याला लोंबकळून घागर भरलेली असते, आणि वाटेंत दगड मारून दोन चिंचाही पाडलेल्या असतात. असें हें सकाळपासून सळसळणारें अंग साडेदहा वाजतां आपण सतरंजीवर बसवितों आणि सांगतों, हाताची घडी, तोंडावर बोट! मोठ्यांचीच गोष्ट घ्या. ही सभा सुरू होऊन पाऊण तास झाला. तेवढ्यांत तंबाखूच्या निमित्तानें कितीजण बाहेर जाऊन आले, तें मी येथून मोजीत आहें. त्यांना कोणी द्वाड म्हटलें नाहीं.

शरीराचीही कांहीं बाजू आहे. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तेथें हाड नसतें. कानाच्या वरच्या कडेसारखी मऊ कूर्चा असते. तिचें एकेक करून हाड होत जातें, आणि सहाव्या वर्षींही तें काम पुरें झालेलें नसतें. त्या हातांकडून आपण पहिल्याच महिन्यांत दुरेघी वहींत बारीक अक्षर काढून घेतों, आणि तें रेघेबाहेर गेलें कीं बोटांवर पट्टी मारतों. धांवणें, चढणें, ओढणें, उचलणें हीं या वयाचीं खरीं कामें. दंड, पाठ, मांड्या अगोदर तयार होतात. बोटांची बारीक कारागिरी मागाहून येते. शेतांत अगोदर नांगरट आणि मग पेरणी, हें ज्याला कळतें त्याला यांत नवीन कांहीं नाहीं.

मी धुतल्या तांदळासारखी आहें असें समजूं नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं, दुसऱ्या एका गांवीं, माझ्या वर्गांत साठावर पोरें होतीं. त्यांत गांवाबाहेरच्या पालावरचा एक मुलगा होता. तो खिडकींतून आंत यावयाचा व खिडकींतूनच बाहेर जावयाचा. मी फळ्याकडे वळलें कीं वर्गाला एक फेरी मारून यावयाचा. मला कोणी वडीलधाऱ्यानें सल्ला दिला कीं, त्याला मधल्या सुट्टींत कोंडून ठेवा, म्हणजे सरळ येईल. मीं आठ दिवस कोंडला. रोज दुपारनंतर तो अधिकच उधळावयाचा, आणि कां उधळतो हें माझ्या ध्यानांत येईना. जनावराला दिवसभर दावणीला बांधून संध्याकाळीं सोडलें तर तें काय करतें, हें शेतकऱ्याच्या घरांत जन्मून मला कळलें नाहीं! नवव्या दिवशीं मीं त्याच्या तोंडांत मारली. पण मारल्याचें मी एवढें मनाला लावून घेत नाहीं. मारतां मारतां माझ्या तोंडून शब्द गेला, "तुमची जातच तसली!"

मी माळ्याची मुलगी. माझ्या आजीला हेंच वाक्य ऐकून शाळेच्या पायरीवरून परत यावें लागलें होतें, आणि घरांत ती गोष्ट आम्ही शंभरदां ऐकली होती. तें वाक्य माझ्या तोंडांत तयार बसलेलें होतें. तो मुलगा दुसऱ्या दिवशीं आला नाहीं. चार दिवसांनीं मी पालावर गेलें, तों पाल उठलें होतें. चुलींचे दगड तेवढे होते.

म्हणून मी आज विचारतें, द्वाड पोर कोणाचें? शाळेंत ऐका कोणाला कोणता शब्द लागतो तें. साहेबांचा मुलगा बाकावर उभा राहिला तर तो चुणचुणीत, आणि ऊसतोड्याचा उभा राहिला तर उनाड. एकानें फार प्रश्न विचारले तर बुद्धिमान, दुसऱ्यानें विचारले तर उद्धट. अंगांतली उसळी एकच. तिला नांव मात्र बापाचें घर पाहून मिळतें. आणि नांव एकदां पडलें कीं, पोर त्याप्रमाणें वागूं लागतें. तिसरी-चौथीपर्यंत तें मागच्या भिंतीला जातें, आणि तेथून दार जवळच असतें.

ही गोष्ट आजची नाहीं. महात्मा फुले यांनीं १८६९ सालीं विद्याखात्यांतल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा लिहिला, तो शूद्रांच्या मुलांशीं पंतोजी कसे वागतात हेंच जगापुढें मांडण्यासाठीं. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें, हें पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनांत त्यांनीं शिक्षक कसा हवा हेंही सांगितलें आहे. नांगर किंवा सुताराचा वांकस हातांत धरावयास जो लाजत नाहीं आणि खालच्या थरांतल्या लोकांत जो सहज मिसळूं शकतो, तो शिक्षक त्यांना पाहिजे होता. हें मी जातीच्या अभिमानानें सांगत नाहीं. ज्याच्या हाताला घट्टे माहीत आहेत, त्याला पोराच्या अंगांतली रग हें भांडवल वाटतें. ज्याला ते माहीत नाहींत, त्याला ती खोड वाटते. आणि आपल्यांतलींच माणसें खुर्चीवर बसतांच घट्टे विसरतात, याचा पुरावा मीं आतांच माझ्याच तोंडानें दिला आहे.

राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. राजाच्या हुकुमानें मूल उंबरठ्याच्या आंत येतें. तेथें तें टिकवावयाचें कसें, हें मात्र उंबरठ्याच्या आंत उभें असणाऱ्यानेंच पाहिलें पाहिजे.

मग पाहावें कसें? पुष्कळ जण म्हणतात, "बाई, हें सगळें श्रीमंतांच्या शाळांचें. आमच्या पोरांना हें कुठलें?" त्यांना मी एक खरी हकीकत सांगतें. इटलींत रोम शहरीं सान लोरेंझो म्हणून मजुरांची वस्ती. आईबाप दिवसभर कामावर जात. दोन-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतचीं पन्नास-साठ मुलें चाळींत मोकळीं सुटत. तीं जिन्यांची नासधूस करीत, भिंती खरवडीत. चाळींच्या मालकांना मुलांची नव्हे, भिंतींची काळजी पडली! त्यांनीं त्या पोरांना एका खोलींत गोळा करावयाचें ठरविलें आणि डॉक्टर मारिया माँटेसरी या बाईंकडे तें काम दिलें. १९०७ च्या जानेवारींत ती खोली उघडली. माँटेसरीबाईंनीं पोरांना गप्प बसविलें नाहीं. त्यांच्या बेताचीं टेबलें-खुर्च्या करविल्या, हातांत खरा झाडू दिला, खरें पाणी दिलें, हात धुवावयास, झाडावयास, लावून ठेवावयास शिकविलें. बोटांनीं अक्षरें गिरविण्याचीं साधनें दिलीं. भिंती खरवडणारींच पोरें तासन् तास एका कामांत गढूं लागलीं. आज ज्या शाळांची फी ऐकून आपल्याला घेरी येते, त्यांच्या पाटीवर या बाईंचें नांव असतें. पण त्या पद्धतीचा जन्म मजुरांच्या द्वाड पोरांत झाला आहे, हें विसरूं नका. माल आपला होता. तो बाजारांतून महाग होऊन परत आला.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं हीच गोष्ट आणखी पुढें नेली. गुजराथेंत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या या शास्त्रांत तयार झाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतल्या बोर्डीला खेड्यांतल्या मुलांसाठीं येऊन बसल्या. अनुताई वाघ त्यांना तेथें मिळाल्या. शाळा उघडली तरी गरिबांचीं पोरें येईनात. दोष पोरांचा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. शाळाच उचलली आणि पोरांच्या आंगणांत नेऊन ठेवली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला, त्याचें मूळ तेथलें आहे. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली. गुरें चरताहेत आणि पोरें शिकताहेत. साधनें कोणतीं? शिंपले, बिया, पानें, दगड. या दोघी जन्मानें कोणत्या घरच्या होत्या, हें विचारणारे आपल्या सभांतून भेटतात. मला तें विचारावयाची गरज वाटत नाहीं. ज्यानें आपल्या पोराच्या नाकाचा शेंबूड पुसला तो आपला.

आतां आमच्या वर्गांत काय चालतें तें सांगतें, म्हणजे "बाई नुसतें खेळवितात" ही जी कुजबूज आहे तिचाही निकाल लागेल.

सकाळीं प्रार्थना झाली कीं आम्ही बसत नाहीं. वीस मिनिटें मैदानांत. लेझीम, लंगडी, सुतळीच्या रेघेवरून डोक्यावर पाटी ठेवून चालणें. यांत रेघेवरून चालणें सर्वांत कठीण, आणि सर्वांत द्वाड पोर तेथें सर्वांत गंभीर होतें. मग आंत. एका बैठकीला मी पंधरा मिनिटांहून अधिक शिकवीत नाहीं. अक्षर शिकवावयाचें तर अगोदर अंगणांत काठीनें पुरुषभर उंच 'क' काढावयाचा, त्यावरून चालावयाचें, मग ओल्या फडक्यानें फरशीवर, मग पाटीवर, आणि वही दिवाळीनंतर. गणित उड्यांवर चालतें. पांच उड्या मारल्या, आणखी तीन मारल्या, तूं कुठें आलास? चिंचोके मोजावयाचे, दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधावयाच्या. ज्या मुलाला बसवत नाहीं त्याला उभ्यानें लिहूं देतें. खिडकीच्या कट्ट्यावर त्याची पाटी ठेवलेली असते. उभ्यानें लिहिलेल्या अक्षराला मार्क कमी पडतात असें अजून माझ्या पाहण्यांत नाहीं.

जें पोर सर्वांत उधळें, त्याला सर्वांत अंगमेहनतीचें काम. पाण्याची बादली दोघांनीं मिळून आणणें, सतरंज्या झटकून घालणें, झाडांना पाणी. पण येथें एक इशारा देतें. हीं कामें सर्व जातींच्या, मुलगा-मुलगी सर्वांच्या वांट्याला पाळीपाळीनें यावयाचीं. नाहीं तर झाडू ठराविक घरच्या पोराच्याच हातीं, पाण्याचा तांब्या ठराविक घरच्याच, असें होतें. तें तसें होऊं नये म्हणून पाळीचा तक्ता दारावर लावला आहे. तो वाचतां येत नसेल तर आपल्या पोराकडून वाचवून घ्या.

मारामारी होते. चावतातही. मी खोटें सांगत नाहीं. दोघांना वेगळें करतें, खालीं गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांशीं डोळे नेतें, आणि आवाज चढविण्याऐवजीं उतरवितें. मीं ओरडलें कीं वर्ग माझ्याहून मोठ्यानें ओरडतो, हें मी बरींच वर्षें नोकरी झाल्यावर शिकलें. निंबाखालीं एक पोतें अंथरलेलें आहे. ज्याला राग आवरत नाहीं त्यानें तेथें जाऊन बसावें व राग ओसरला कीं आपण होऊन परत यावें. ती शिक्षा नाहीं. मीही एकदां जाऊन बसलें होतें. आणि मधली सुट्टी मात्र कोणाचीही, कसल्याही गुन्ह्यासाठीं, बंद होत नाहीं. फिनलंड देशांत पाऊण तासाच्या शिकवण्यानंतर पाव तास मुलांना बाहेर सोडण्याची रीत आहे, आणि तेथें शाळेचें वयच सातवें वर्ष. त्या देशाचीं मुलें मागें राहिलीं असें कोणी म्हणत नाहीं.

गलबला होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. तपासणीला आलेले एक अधिकारी दारांतूनच म्हणाले, "बाई, शिस्त कुठें आहे?" मीं त्यांना पाऊण तास बसा म्हटलें. ते दहा मिनिटें बसले. तेवढ्यांत त्यांनीं चौदा वेळां फोन पाहिला.

तरीही सगळ्याच चळवळ्या पोरांना एका मापानें मोजूं नये. कांहीं पोर उठतें तें फळा दिसत नाहीं म्हणून. कांहीं ऐकत नाहीं तें कान फुटला आहे म्हणून. कांहीं उपाशी येतें आणि दुपारची खिचडी होईपर्यंत त्याला धीर नसतो. एखाद्याच्या घरीं रात्रीं बाप पिऊन आलेला असतो. थोड्या मुलांना लक्ष टिकविण्याचाच खरा विकार असतो. तो ओळखणें डॉक्टरचें काम, माझें नव्हे आणि शेजारणीचेंही नव्हे. २०१३ पासून सरकारी बाल-आरोग्य योजनेचें पथक शाळांतून तपासणीसाठीं येतें. त्या दिवशीं पोराला रानांत नेऊं नका. कान पाहावयाच्या आधीं कानफटांत मारूं नका, एवढेंच माझें मागणें.

कायदाही आतां आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. जातीवरून टोचून बोलणें मानसिक छळांत येत नाहीं असें जर कोणाला वाटत असेल, तर त्यानें मला येऊन भेटावें. त्याच कायद्यांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि शाळेला खेळाचें मैदान सांगितलें आहे. शिक्षक दिला नाहीं तर मागा. त्यासाठीं शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि तिची सभा चहापुरती नाहीं.

आपल्यांतले कांहीं जण पोटाला चिमटा घेऊन पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घालतात. त्यांना मी दोष देत नाहीं. पण ते मला कौतुकानें सांगतात, "बाई, तिथं टाय लावून एका रांगेंत गप बसत्यात, आवाज न्हाई." बाबांनो, गप्प बसणें हेंच जर शिक्षण असतें, तर आपल्या वाडवडिलांएवढें शिकलेलें या देशांत कोणी नव्हतें!

आतां शेवटचें काम. आपल्या शाळेच्या मैदानांत कडब्याच्या तीन गंज्या आहेत व एक मोडकी ट्रॉली आहे. कोणाच्या आहेत हें गांवाला ठाऊक आहे. मी नांव घेत नाहीं, कारण ते गृहस्थ येथेंच बसले आहेत आणि भले आहेत. येत्या रविवारीं सकाळीं मैदान साफ करावयाचें आहे. प्रत्येक घरांतून एक माणूस, फावडें किंवा घमेलें घेऊन. आयांनीं यावें, भिंतीशीं बसण्यासाठीं नव्हे. पोरांना मीं सांगून ठेवलें आहे. तीं सहा वाजल्यापासूनच येऊन बसतील. बसतील म्हणजे, बसणार नाहींतच, तें सोडा.

अध्यक्षमहाराजांनीं वेळेचा इशारा केला आहे. मी रजा घेतें.